चार याद्या: एका अमेरिकन हायस्कूलमधील वांशिक तणाव निवळतानाचा अनुभव

न्यू जर्सी राज्यातील हडसन काउंटीमधल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी बरीच वर्षे गणित शिकवत होते. शाळेचे नाव इथे देणार नाही. ज्या सरकारी यंत्रणेच्या मध्यस्थीने तिथल्या मारामाऱ्या आटोक्यात आल्या, तिने समेटाचे काम गोपनीय ठेवावे आणि त्याची प्रसिद्धी करू नये, असे अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातच लिहिलेले आहे. शिवाय त्या वेळी जी मुले मोकळेपणाने बोलली, ती आज तिशीच्या आसपासची, नोकरीधंद्याला लागलेली माणसे आहेत. तरीही लिहावेसे वाटते, कारण शाळेतील वांशिक तणाव निवळवायचा म्हणजे मुलांना एकमेकांवर प्रेम करायला शिकवायचे, असा समज सर्वत्र आढळतो आणि मी जे प्रत्यक्ष पाहिले ते त्याच्याशी फारसे जुळत नाही.

भारतात बसून अमेरिकेतील वर्णद्वेषाचा विचार करताना डोळ्यांपुढे गोरे आणि काळे असे दोनच पक्ष येतात. आमच्या शाळेत गोरी मुले अगदी मोजकी होती. आफ्रिकन-अमेरिकन मुलांची कुटुंबे तीन-चार पिढ्यांपूर्वी दक्षिणेकडच्या राज्यांतून येऊन या शहरात स्थिरावलेली होती. लॅटिनो म्हणून एका नावाखाली मोजली जाणारी मुले पोर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक, इक्वादोर अशा निरनिराळ्या ठिकाणची होती. तिसरा मोठा गट नवागतांचा होता आणि त्यात गुजराती, पंजाबी, बांगलादेशी, पाकिस्तानी, फिलिपिनो आणि इजिप्तहून आलेली कॉप्टिक ख्रिस्ती मुले होती. यांपैकी कोणाच्याही हाती शहराची सत्ता किंवा पैसा नव्हता. भांडणे होती ती जिन्यावरच्या जागेवरून, जेवणाच्या रांगेवरून, जिम (शाळेचे बंदिस्त क्रीडागृह) कोणाला मिळणार यावरून, आणि या सगळ्याच्या तळाशी असलेल्या एका प्रश्नावरून: इथल्या मोठ्या माणसांच्या लेखी आपली किंमत किती?

वर्गात मारामारी जवळपास कधीच होत नसे. ती होत असे मागच्या जिन्यावर, तळघरातल्या कॅफेटेरियात आणि शाळा सुटल्यावर लाइट रेल या शहरी रेल्वेच्या थांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे सगळे वर्ग तिसऱ्या मजल्याच्या एकाच टोकाला होते. ती सोय शिक्षकांची होती, कारण पुस्तके, दुभाषी मदतनीस आणि कपाटे एकत्र राहत. एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंत चार मिनिटे मिळत, आणि तेवढ्यात ही मुले घोळक्याने मागच्या जिन्याने खाली येत. त्याच वेळी खालून वर जाणाऱ्यांना एक अनोळखी भाषा बोलणारा, वाट अडवणारा, हसत येणारा घोळका दिसे. वरून येणाऱ्यांना खालून रेटा देत येणारी उंच मुले दिसत. एक धक्का, एक शब्द, आणि मग दहा हातांत वर झालेले दहा फोन. त्या जिन्यावर कोणत्याही शिक्षकाची ड्युटी नव्हती, कारण तो 'कोणाच्याच मजल्यावर' येत नव्हता.

मारामारी झाली की दोघांनाही घरी पाठवायचे, हा शाळेचा नियम होता. अमेरिकेत १९९४ च्या एका संघराज्य कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान वर्षभर काढून टाकणे बंधनकारक केले, आणि तिथून 'झीरो टॉलरन्स'ची कडक शिस्त धक्काबुक्कीपर्यंत, उलट उत्तरापर्यंत झिरपत आली. त्यात २०११ पासून न्यू जर्सीचा छळवणूक-विरोधी कायदा लागू झाला होता. तक्रार आल्यावर एका शालेय दिवसाच्या आत चौकशी सुरू करायची, दहा शालेय दिवसांत ती पुरी करायची, प्रत्येक शाळेत त्यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमायची, असा तो बारकाईने लिहिलेला कायदा आहे आणि अनेक एकट्या पडलेल्या मुलांना त्याचा आधार झाला आहे. पण आमच्याकडे भरल्या जाणाऱ्या अर्जात छळ करणारा एक आणि सोसणारा एक अशी गृहीत धरलेली मांडणी होती. दोन जमाव एकमेकांना घाबरतात आणि म्हणून एकमेकांना मारतात, हे त्या अर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. आमच्या समुपदेशक बाई एकाच घटनेचे चार-चार अर्ज भरत, आणि प्रत्येक अर्जात गुन्हेगार वेगळा असे.

२०१३ च्या शरद ऋतूत जे घडले त्याची सुरुवात जेवणाच्या रांगेत झाली. एक गुजराती मुलगा कानाला हेडफोन लावून रॅप गाणे मोठ्याने म्हणत होता आणि त्या गाण्यात कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी वारंवार येत होती. पुढच्या मुलाने त्याला तो शब्द उच्चारू नकोस म्हणून सांगितले. 'गाण्यातच आहे,' असे म्हणून याने तो पुन्हा उच्चारला. ढकलाढकली झाली, गार्डने दोघांना वेगळे केले आणि प्रकरण मिटले असे समजले गेले. दुसऱ्या दिवशी मागच्या जिन्यावर एका बांगलादेशी मुलाचा जबडा मोडला. या मुलाचा त्या रांगेशी काहीच संबंध नव्हता, त्याला इंग्रजीही जेमतेम येत होते. त्यानंतर लाइट रेलच्या थांब्याजवळ नववीतल्या एका कृष्णवर्णीय मुलाला क्रिकेटच्या बॅटने मारहाण झाली. त्याचाही कशाशी संबंध नव्हता. दोन्ही प्रसंगांची चित्रफीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर होती. पुढचा आठवडाभर तिसऱ्या मजल्यावरचे बाक अर्धे रिकामे होते.

शिक्षकांच्या सभेत कोणीतरी साउथ फिलाडेल्फिया हायस्कूलचे नाव काढले. तिथे ३ डिसेंबर २००९ रोजी दिवसभरात पंचवीस-तीस आशियाई विद्यार्थ्यांवर हल्ले झाले होते, अनेकांना इस्पितळात न्यावे लागले होते, आणि त्यानंतर सुमारे पन्नास विद्यार्थ्यांनी आठवड्याहून अधिक काळ शाळेवर बहिष्कार टाकला होता. त्या मुलांनी नुसती दाद मागितली नाही, तर संघटित होऊन प्रकरण न्याय खात्यापर्यंत नेले, आणि २०१० च्या डिसेंबरात त्या शहराच्या शिक्षण मंडळाला लेखी तडजोड करून सुधारणांची हमी द्यावी लागली. हे उदाहरण ऐकल्यावर आमच्या शिक्षण मंडळाचे वकील प्रथमच शाळेत आले. सद्बुद्धीने जे दार उघडले नव्हते ते खटल्याच्या भीतीने उघडले, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. पण दार उघडले हे खरे.

मदतीला आली ती न्याय खात्याची 'कम्युनिटी रिलेशन्स सर्व्हिस'. नागरी हक्क कायद्याने १९६४ मध्येच स्थापन केलेली ही लहानशी शाखा खटले भरत नसे, चौकशी करत नसे, दंड ठोठावत नसे आणि शुल्कही घेत नसे. वंश, वर्ण आणि मूळ देश यांवरून वाद पेटले की तिचे लोक समेटासाठी जात. न्यूयॉर्कच्या प्रादेशिक कार्यालयातून एक मितभाषी गृहस्थ एकटेच आले. त्यांना निलंबित मुलांची यादी द्यायला उपमुख्याध्यापक फाइल घेऊन उभे होते, पण त्यांनी आधी इमारतीचा नकाशा आणि घंटांचे वेळापत्रक मागितले. नंतर ते सिक्युरिटी गार्डांशी, कॅफेटेरियात वाढणाऱ्या बायकांशी आणि सफाई कामगारांशी बोलले. आम्हा शिक्षकांचा नंबर सर्वांत शेवटी लागला, आणि त्याचा राग काही सहकाऱ्यांना बरेच दिवस होता.

त्यांनी सुचवलेला कार्यक्रम 'स्पिरिट' या नावाने ओळखला जातो. विद्यार्थ्यांना आधी आपापल्या समूहात बसवून शाळेतील अडचणी मांडू द्यायच्या, नंतर मिश्र गटांत बसवून त्यांवरचे उपाय काढायचे आणि शेवटी त्यांच्यातूनच एक परिषद निवडून तिने ते उपाय प्रशासनाकडून करवून घ्यायचे, अशी त्याची सर्वसाधारण रीत आहे. पहिल्याच टप्प्यावर आमच्याकडे वाद झाला. वर्णानुसार मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचे? ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या शाळा १९५४ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या, तिथे? आमच्या इतिहासाच्या शिक्षिका, ज्या स्वतः कृष्णवर्णीय होत्या, या कल्पनेने अस्वस्थ झाल्या. त्यावर गृहस्थांनी त्यांना जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात नेले आणि टेबले दाखवली. मुले आधीच वेगळी बसत होती. एकदा तरी, कोणाला काय वाटेल याची पर्वा न करता, स्वतःचे म्हणणे नीट शब्दांत मांडायला त्यांना खोली हवी होती. कोणत्या गटात बसायचे हे मुलांनीच ठरवायचे, एवढी अट बाईंनी घातली आणि ती मान्य झाली. ती अट किती योग्य होती हे लगेचच दिसले: सावळ्या वर्णाची एक डोमिनिकन मुलगी दोन खोल्यांच्या दारांत बराच वेळ उभी होती, आणि एका कॉप्टिक मुलाने 'मला अरब म्हणू नका' असे सांगून भारतीयांच्या शेजारची खुर्ची ओढली.

दुसरा वाद मुलांच्या निवडीवरून झाला. मुख्याध्यापकांनी प्रथम जी यादी दिली तिच्यात उत्तम गुणांची, वादविवाद स्पर्धेत बोलणारी, कोणाशी न भांडणारी मुले होती. ती यादी परत आली. ज्यांच्या शब्दावर इतर मुले उठतात-बसतात अशी मुले द्या, मग त्यांची फाइल कितीही जाड असो, असे सांगण्यात आले. मारामारी करणाऱ्यांना वर्गातून सुट्टी आणि वर पिझ्झा, हे अनेक शिक्षकांना पटले नाही. शिक्षक संघटनेच्या प्रतिनिधींनी तसे लेखी कळवलेही. माझे मत वेगळे होते. आग विझवायला ज्याच्या हाती काडेपेटी आहे त्याच्याशीच बोलावे लागते.

गटांचे संचालन शाळेबाहेरच्या, प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांनी केले. शिक्षकांना खोलीत प्रवेश नव्हता. मला तो मिळाला दुभाषी म्हणून, आणि तोही मुलांना आधी विचारून. मी घाटकोपरला वाढले, गुजराती शेजाऱ्यांच्या ओट्यावर खेळून भाषा आली, हिंदी तर मुंबईत सगळ्यांनाच येते. त्या दोन भाषांचा अमेरिकेत असा उपयोग होईल असे कधी वाटले नव्हते. नवागतांच्या खोलीत सुरुवातीला बराच वेळ कोणीच बोलेना. मग एका पंजाबी मुलीने विचारले, 'मिस, इथे बोललेले घरी कळेल का?' तिला भीती शाळेची नव्हती. वडिलांना कळले तर ते शाळा बंद करून लग्न ठरवतील किंवा दुकानात बसवतील, याची होती. कळणार नाही असे सांगितल्यावर तिनेच पहिला मुद्दा सांगितला, आणि मग फळ्यावरचा कागद भरायला वेळ लागला नाही.

कोण काय म्हणाले ते मी लिहिणार नाही. पण चारही गटांच्या याद्या नंतर जिमच्या चार भिंतींवर सर्वांना वाचण्यासाठी लावल्या होत्या, आणि त्यांत काय होते ते सांगायला हरकत नाही. नवागतांच्या यादीत मागचा जिना होता, 'परत जा' आणि 'बिन लादेन' होते, डब्याच्या वासावरून नाक दाबणे होते, उच्चारांची नक्कल होती, आणि तक्रारीचा अर्ज फक्त इंग्रजीत असल्याने तो भरताच येत नाही हे होते. कृष्णवर्णीय मुलांच्या यादीत होते की भांडण कोणीही सुरू केले तरी गार्ड आधी आम्हाला धरतो, आमच्याच पिशव्या दोनदा तपासल्या जातात, ही मुले आमच्यावरची शिवी गाण्याच्या आडून वापरतात, आमच्याकडे बघून स्वतःच्या भाषेत काहीतरी बोलून हसतात, आणि यांच्या घरच्यांच्या दुकानात गेलो की मालक आमच्या मागेमागे फिरतो. लॅटिनो मुलांच्या यादीत 'तुझी कागदपत्रे कुठे आहेत' हा विनोद होता आणि सगळ्यांनाच मेक्सिकन म्हणणे होते. चौथ्या, म्हणजे नवागतांपासून वेगळे बसायचे ठरवलेल्या फिलिपिनो आणि इतर मुलांच्या यादीत पहिलाच मुद्दा असा होता की आम्ही भांडत नाही म्हणून आम्हाला कोणी विचारतच नाही.

मुले भिंतीभिंतींपुढून फिरत वाचत होती. आधी कुजबुज, काही ठिकाणी राग, एक-दोन जण बाहेर निघून गेले. पण हळूहळू एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात येऊ लागली. वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांचे न ऐकता, चारही गटांनी काही मुद्दे जवळपास त्याच शब्दांत लिहिले होते. मोठी माणसे बघतात आणि पुढे जातात. स्वच्छतागृहांना कुलूप असते. शिक्षा का झाली ते कोणी सांगत नाही. त्याला तीन दिवस आणि मला दहा दिवस, असे का, ते कोणी सांगत नाही. यातला शेवटचा मुद्दा प्रत्येक गटाने आपल्यावर होणारा अन्याय म्हणून लिहिला होता, आणि प्रत्येकाची समजूत अशी होती की समोरच्यांना शाळा झुकते माप देते. माझ्या दृष्टीने त्या संपूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत मोलाचा टप्पा होता. तिथे कोणाचे हृदयपरिवर्तन झाले नाही. मुलांना एवढेच दिसले की आपल्या तक्रारीचा एक मोठा भाग समोरच्या मुलाविरुद्ध नाहीच, तो या इमारतीच्या कारभाराविरुद्ध आहे.

मिश्र गटांचा दिवस त्यामानाने खडतर गेला. त्या शिवीवर आमच्या गटात जवळजवळ तासभर खर्च झाला. 'तुम्ही आपापसात म्हणता, मग आम्ही का नाही?' हा प्रश्न एका भारतीय मुलाने खरोखरच न समजून विचारला होता. त्याला उत्तर एका कृष्णवर्णीय मुलीने दिले आणि तिने त्यात आपल्या आजीची दक्षिण कॅरोलायनातली हकीगत सांगितली. तो गप्प झाला. त्याला पटले की नाही ते मला कळले नाही, पण तो शब्द त्याने पुन्हा उच्चारल्याचे कोणी ऐकले नाही, आणि शाळेला तेवढे पुरे होते. दुकानांचा विषय याहून अवघड निघाला. ज्याच्या वडिलांचे दुकान होते त्या मुलाने काउंटरवर दोनदा पिस्तूल रोखले गेल्याचे सांगितले. समोरच्याने सांगितले की सात वर्षांचा असल्यापासून मी खिशातले हात बाहेर काढून दुकानात शिरतो. दोघांचेही खरे होते आणि दोघांपैकी कोणाकडेही दुसऱ्याला देण्यासारखे उत्तर नव्हते. संचालकांनी तो मुद्दा उपायांच्या कागदावर न लिहिता तसाच सोडला. ते मला योग्य वाटले, कारण दोन सोळा वर्षांच्या मुलांनी शहराचा प्रश्न सोडवावा ही अपेक्षा अन्यायाची ठरली असती.

पुढे जी विद्यार्थी परिषद निवडली गेली, तिच्या प्रशासनाबरोबरच्या बैठका हीच खरी कामाची जागा होती. मागण्यांचा कागद घेऊन मुले आली तेव्हा मुख्याध्यापकांना 'सहिष्णुता सप्ताह', खाद्यमेळा आणि एखादा प्रेरणादायी वक्ता अशी काहीतरी अपेक्षा असावी. मुलांना हवे होते मागच्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक मोठे माणूस, फक्त घंटांच्या मधल्या वेळात. इंग्रजी शिकणाऱ्यांचे वर्ग तीन मजल्यांवर वाटून टाकणे. तक्रारीचा अर्ज स्पॅनिश, अरबी, गुजराती, बंगाली आणि टॅगालॉग या फिलिपिनो भाषेमध्ये. जिम आठवड्यातून दोन दिवस बास्केटबॉलऐवजी फुटबॉल आणि क्रिकेटच्या सरावाला. निलंबनाचे कारण आणि मुदत लेखी देणे. आणि दर तिमाहीला किती मुलांना, कोणत्या कारणासाठी, किती दिवस घरी पाठवले, याचा वंशनिहाय तक्ता जाहीर करणे.

खाद्यमेळाही झाला, त्यात माझ्या बटाटेवड्यांचा फडशा पडला, आणि मला अशा मेळ्यांविषयी आकस नाही. पण समोसा खाऊन कोणाचा हात थांबलेला मी पाहिला नाही. जिन्यावर उभ्या राहिलेल्या माणसामुळे मात्र थांबताना पाहिला. वर्ग वाटून टाकल्यावर तो घोळकाच उरला नाही. दोन-तीन मुले एकत्र येत, इतरांत मिसळून जात. गणिताच्या भाषेत बोलायचे तर आम्ही कोणाचा स्वभाव बदलला नव्हता, भेटीची घनता कमी केली होती. ड्युटीसाठी शिक्षक संघटनेने करारातले कलम दाखवले, आणि ते त्यांच्या जागी बरोबर होते. शेवटी काही उपमुख्याध्यापक, काही गार्ड आणि काही स्वयंसेवी शिक्षक मिळून वेळापत्रक बसले.

तक्त्यावरून मात्र बराच संघर्ष झाला. शाळेची बदनामी होईल, असे प्रशासनाचे म्हणणे होते. योगायोगाने २०१४ च्या जानेवारीत शिक्षण आणि न्याय या दोन्ही संघराज्य खात्यांनी सर्व शाळांना पत्र पाठवले की शिस्तीच्या कारवाईत वंशभेद होत असेल तर तो नागरी हक्क कायद्याचा भंग ठरू शकतो, आणि मार्चमध्ये जाहीर झालेल्या आकडेवारीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या निलंबनाचे प्रमाण गोऱ्यांच्या तिप्पट असल्याचे दिसले. त्यानंतर आमचा तक्ता निघाला. त्यात दिसले की धक्काबुक्कीसारख्या स्पष्ट कारणांत सर्व गटांना होणाऱ्या शिक्षांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो 'उद्धटपणा' आणि 'आज्ञाभंग' या सैल कारणांत, जिथे सगळे शिक्षकाच्या मतावर अवलंबून असते. कृष्णवर्णीय मुले जे सांगत होती त्याला तो कागद दुजोरा देत होता. आज्ञाभंगासाठी घरी पाठवणे त्या वसंतात बंद झाले, आणि त्याऐवजी वर्तुळ बैठका सुरू झाल्या: घटनेशी संबंधित सगळ्यांनी गोल बसायचे, हातात वस्तू असेल त्यानेच बोलायचे, काय झाले, कोणाला काय भोगावे लागले आणि आता काय केले तर भरपाई होईल, या तीन प्रश्नांवर बोलायचे. नीट घेतली तर अशी बैठक निलंबनापेक्षा कितीतरी जड जाते. नीट घ्यायला मात्र वेळ लागतो, आणि वेळ नसताना उरकलेल्या बैठका ही निव्वळ नाटके झाली, हेही मी पाहिले आहे.

पालकांची कहाणी वेगळीच होती. भारतीय पालकांची सभा संध्याकाळी कॅफेटेरियात घेतली, कारण दुकाने सोडून दिवसा येणे त्यांना शक्य नव्हते. एक वयस्कर गृहस्थ १९८७ सालाविषयी बोलले. त्या वर्षी जर्सी सिटीत कपाळावरच्या टिकलीवरून 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याने भारतीयांना हाकलून देण्याची धमकी वृत्तपत्राला पत्र लिहून दिली होती, आणि शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला मारहाण करून ठार केले गेले होते. ती दहशत त्या सभेतल्या अनेकांनी अंगावर झेललेली होती आणि तिला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. पण नंतर एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, 'बेन, आमच्या मुलांचे वर्ग या काळ्यांपासून वेगळेच करून टाका ना.' त्यांनी गुजरातीत जो शब्द वापरला तो मी इथे सौम्य केला आहे. मी त्यांना म्हटले, 'भाई, आपल्या मुलांनी तो शब्द कुठे ऐकला, हे शाळेला शोधावे लागणार नाही.' सभा काही क्षण थंड पडली. मागे बसलेल्या एका बाईंनी मग विचारले की मारहाण झालेल्या त्या दुसऱ्या मुलाची आई कुठे असते, तिला कोणी भेटले आहे का. कोणी भेटले नव्हते. त्या स्वतः दोघीतिघींना घेऊन भेटायला गेल्या. तिथे काय बोलणे झाले ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. काही कुटुंबांनी मात्र मुलांना काढून घेतले आणि ती न्यू जर्सीतल्याच, भारतीय वस्ती मोठी असलेल्या एडिसनकडे राहायला गेली.

मारामाऱ्या पूर्ण थांबल्या नाहीत. मे महिन्यात पुन्हा एक मोठी झाली, तीही मुलींची, आणि तिच्यातही दोन बाजू दोन वर्णांच्या होत्या. पण या वेळी दुपारपर्यंत परिषदेतली मुले चारही टेबलांवर फिरून खरे काय झाले ते सांगून आली होती. भांडण एका मुलाच्या मैत्रीवरून होते, वर्णावरून नव्हते. अफवेला उत्तर देणारी, आपल्या लोकांचा विश्वास असलेली माणसे प्रत्येक टेबलावर होती, आणि म्हणून थांब्याकडच्या रस्त्यावर त्या संध्याकाळी कोणी कोणाची वाट पाहत उभे राहिले नाही. ज्यांची फाइल जाड आहे अशी मुले घेतल्याचा उपयोग तिथे झाला. चांगल्या गुणांच्या मुलांचे त्या टेबलांवर कोणी ऐकले नसते.

परिषदेतली पहिली तुकडी पदवी घेऊन गेली, मुख्याध्यापक बदलले, नवीन मुख्याध्यापकांनी ही परिषद विद्यार्थी मंडळात विलीन करावी असे सुचवले आणि मुलांनी त्याला नकार दिला. २०१८ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनने ते शिस्तीविषयीचे पत्र मागे घेतले, तेव्हा तिमाही तक्ता आता बंद करायला हरकत नाही असे शिक्षण मंडळातल्या काहींचे मत पडले. पुढच्या जाहीर बैठकीत परिषदेची पाच-सहा मुले बोलायला उभी राहिली. २०१३ ची घटना घडली तेव्हा ती सगळी प्राथमिक शाळेत होती आणि त्यांच्यापैकी कोणीही ती पाहिलेली नव्हती. तक्त्यातला कोणता रकाना कशासाठी आहे ते त्यांनी सदस्यांना एकेक करून समजावून सांगितले. 'आज्ञाभंग' हे कारण वेगळ्या नावाने पुन्हा वापरले जाऊ लागले आहे, हेही त्यांनी मागच्या दोन तिमाह्यांचे आकडे दाखवून लक्षात आणून दिले. मंडळाने तक्ता चालू ठेवला, आणि त्या नव्या नावाचा रकाना त्यात वाढवला.